चेतापेशीतील मालवाहतूक आणि हालचालींचे आनुवंशिक विकार

आपण चालतो, लिहितो, पेल्यातले पाणी न सांडता ओठांपर्यंत नेतो. या गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्यांच्यामागे काही व्यवस्था असेल असा विचारही मनात येत नाही. ती व्यवस्था बिघडली म्हणजे मात्र तिचे महत्त्व कळते. एखाद्या घरात आजोबांचे पाय ताठत गेलेले असतात, पुढे वडिलांचे, आणि मग थोरल्या मुलाचे. दुसऱ्या घरात आईवडील ठणठणीत असतात, पण दोन भावंडांचे हात कापू लागतात. अशा घराला लोक नावे ठेवतात. कोणी शाप म्हणतो, कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हणतो, कोणी सुनेच्या पायगुणावर बोट ठेवतो. शास्त्राचे उत्तर निराळे आहे. यांतील कित्येक विकारांचे मूळ असे असते की पेशीच्या आत एखादे प्रथिन योग्य वेळी योग्य जागी पोहोचत नाही. प्रथिने पोहोचतात कशी, अडतात का, आणि हे कळल्याने त्या घराचा लाभ काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी भोपाळच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे एखादा दाखला इकडचा येईल. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

लांबच लांब पेशी

आपल्या शरीरातील बहुतेक पेशी डोळ्यांना न दिसण्याइतक्या लहान असतात. चेतापेशीचे मुख्य शरीरही तसेच लहान असते, परंतु त्यातून निघणारा अक्षतंतू फार लांब जाऊ शकतो. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून पायाच्या पंजापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो. या प्रमाणाची कल्पना यावी म्हणून मी वर्गात एक हिशेब मांडतो. एखाद्या मोठ्या चेतापेशीचे शरीर एक दशांश मिलिमीटर रुंद धरा आणि ते तीस हजार पट मोठे करा. ते तीन मीटरांच्या खोलीएवढे होईल. त्याच प्रमाणात अक्षतंतू तीस किलोमीटर लांब होईल आणि त्याची रुंदी जेमतेम एक फूट राहील. म्हणजे भोपाळमध्ये एक खोली आहे आणि तिच्यातून निघालेली फूटभर रुंदीची नळी थेट भोजपूरच्या शिवमंदिरापाशी जाऊन पोहोचली आहे, असे समजावे.

आता अडचण लक्षात येईल. प्रथिने बनविण्याची कृती केंद्रकातील जनुकांच्या आज्ञेवरून चालते, आणि हे काम मुख्यतः त्या खोलीतच होते. माल लागतो मात्र तीस किलोमीटरांवरच्या टोकाला, कारण तेथे चेतापेशी स्नायूला किंवा दुसऱ्या चेतापेशीला निरोप देते. माल आपोआप पसरत जाईल म्हणून वाट पाहिली तर त्याला पोहोचायला वर्षानुवर्षे लागतील. म्हणून पेशीला स्वतःची वाहतूक चालवावी लागते.

रूळ, इंजिने आणि पत्ता

अक्षतंतूतून काहीतरी सतत वाहत असते याचा चांगला पुरावा पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी १९४८ साली दिला. त्यांनी मज्जातंतू एका ठिकाणी आवळला. तेव्हा पेशीशरीराकडच्या बाजूला फुगवटा आला. धरण बांधले म्हणजे वरच्या अंगाला पाणी तुंबते, तसाच हा प्रकार. आवळणी सोडल्यावर तुंबलेला माल दिवसाला एकदोन मिलिमीटर या गतीने पुढे सरकू लागला.

पुढे कळून आले की ही वाहतूक दोन प्रकारची आहे. एक संथ, वाइस यांना दिसली ती. दुसरी जलद, दिवसाला वीस ते चाळीस सेंटिमीटर जाणारी. जलद वाहतुकीचे रूळ म्हणजे सूक्ष्मनलिका. त्यांचा व्यास पंचवीस नॅनोमीटर असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या रुळांवर माल ओढणारी इंजिने ही स्वतः प्रथिनेच आहेत. टोकाकडे माल नेणारे कायनेसिन हे प्रथिन १९८५ साली माखल्याच्या जाड अक्षतंतूच्या अभ्यासातून सापडले. उलट दिशेने, म्हणजे टोकाकडून पेशीशरीराकडे, माल आणण्याचे काम डायनीन करते. कायनेसिन एका पावलात आठ नॅनोमीटर पुढे जाते आणि त्या पावलासाठी एटीपीचा एक रेणू खर्च करते. या हिशेबाने एक मीटरचे अंतर कापण्यास साडेबारा कोटी पावले पडतात!

केवळ इंजिन आणि रूळ असून भागत नाही. कोणता माल कोठे उतरवायचा हेही ठरलेले असावे लागते. प्रथिनाच्या रचनेतच त्याचा पत्ता लिहिलेला असतो हे गुंटर ब्लोबेल यांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नवे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत घडते आणि तेथे त्याची घडी नीट बसली आहे की नाही याची तपासणी होते. घडी चुकलेल्या प्रथिनाला पुढे जाऊ देत नाहीत. उत्तीर्ण झालेले प्रथिन गॉल्जी संकुलात येते. तेथे त्याची छाननी होऊन ते सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे पुटिकांत, भरले जाते. पुटिका आपल्या ठिकाणी पोहोचून तेथील पटलाशी एकरूप होते आणि माल उतरतो. पुटिकांच्या या व्यवहाराचा उलगडा केल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडोफ या तिघांना २०१३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मुंबईच्या लुळ्या माश्या

या विषयाशी महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा जुना संबंध आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना फारसे ठाऊक नसते. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. सिद्दिकी आणि अमेरिकेतील सेमूर बेन्झर यांनी १९७६ साली फळमाशीवरील एक निबंध प्रसिद्ध केला. केळ्यावर घोंघावणारी ती हीच चिलटासारखी माशी. त्यांच्या निबंधातील माश्या नेहमीच्या तापमानाला व्यवस्थित उडत, चालत. तापमान वाढवले की त्या लुळ्या होऊन पडत आणि थंड केल्या की पुन्हा उठत. अशा माश्यांच्या एका वाणाचे नाव ‘कोमॅटोज’, म्हणजे बेशुद्ध. दुसऱ्याचे ‘शिबिरे’. हा शब्द जपानी असून त्याचा अर्थ बधिरता असा आहे. हा वाण डेव्हिड सुझुकी यांच्या कॅनडातील प्रयोगशाळेने १९७३ साली वर्णिला होता.

त्या वेळी या माश्यांत नेमके कोणते प्रथिन बिघडले आहे हे कोणालाच माहीत नव्हते. १९९१ साली कळले की शिबिरे माशीत डायनॅमिन हे प्रथिन सदोष असते. चेतापेशीच्या टोकाला पुटिका फुटून निरोप दिला गेला की तिचे पटल आत ओढून नवी पुटिका करावी लागते. डायनॅमिन त्या पुटिकेचा देठ कापून तिला मोकळी करते. हे काम थांबले की काही क्षणांत पुटिकांचा साठा संपतो आणि माशी लुळी पडते. कोमॅटोज माशीत एनएसएफ नावाचे प्रथिन सदोष असल्याचे १९९५ मध्ये उघड झाले. पुटिका पटलाला जोडण्यासाठी काही प्रथिने दोराच्या पेडांसारखी एकमेकांत गुंततात. काम झाल्यावर ते पेड उकलून पुन्हा वापरासाठी मोकळे करण्याची जबाबदारी एनएसएफची असते. हेच एनएसएफ रॉथमन यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींतून वेगळ्या मार्गाने शोधून काढले होते. माशीचे लुळेपण आणि परीक्षानळीतील रसायनशास्त्र अशा रीतीने एका ठिकाणी येऊन मिळाले.

याच संस्थेत पुढे संध्या कौशिका यांनी अवघा एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत अक्षतंतूतील वाहतुकीचा अभ्यास चालविला. या कृमीच्या उभयलिंगी प्रकारात मोजून ३०२ चेतापेशी असतात आणि त्याचे शरीर पारदर्शक असल्यामुळे जिवंतपणीच पुटिकांची ये-जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. त्याचे एक इंजिन बिघडले की पुटिका पेशीशरीरातच साचून राहतात आणि कृमीला नीट सरपटता येत नाही. माणसातील त्याच इंजिनाचे नाव केआयएफ-१ए असे आहे.

माणसांतील विकार

माशी आणि कृमी यांच्यावरून माणसाकडे वळू. आनुवंशिक पादताठरता हा विकारांचा एक मोठा गट आहे. जर्मन वैद्य स्ट्रुम्पेल यांनी १८८० साली त्याचे वर्णन केले. रोग्याचे पाय हळूहळू ताठ होत जातात, गुडघे पुरते वाकत नाहीत, चालताना पंजा जमिनीला घासतो आणि चपलेचे पुढचे टोक आधी झिजते. हात आणि बुद्धी पुष्कळदा शाबूत राहतात. असे का व्हावे? मेंदूपासून कण्याच्या खालच्या टोकापर्यंत जाणारे अक्षतंतू हातांकडे जाणाऱ्यांपेक्षा लांब असतात. वाहतूक थोडीशी मंदावली तरी जवळच्या गावांचे भागते, उपासमार होते ती शेवटच्या गावाची.

आजवर या गटात ऐंशीच्या घरात निरनिराळी आनुवंशिक रूपे नोंदली गेली आहेत आणि त्यांतील बऱ्याच जनुकांचे काम वाहतुकीशी जोडलेले आहे. सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारात स्पॅस्टिन हे प्रथिन सदोष असते. ते सूक्ष्मनलिकांचे तुकडे करून रुळांची देखभाल करते. त्याचे जनुक १९९९ साली सापडले. अ‍ॅटलास्टिनच्या दोषात आंतर्द्रव्यजालिकेची घडण बिघडते आणि पाय पुष्कळदा लहानपणीच ताठ होऊ लागतात. कायनेसिनाच्या दोन प्रकारांतील दोषांमुळेही हा विकार होतो. त्यांपैकी एक वर सांगितलेले केआयएफ-१ए होय.

या गटातील एका प्रकाराकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. गॉल्जी संकुलातून माल उचलताना एपी-४ नावाचे चार प्रथिनांचे जोडकाम लागते. या चारांपैकी कोणतेही एक नसले तर एटीजी-९ए हे प्रथिन गॉल्जीतच अडकून पडते. असे मूल तान्हेपणी लुळे, सैल असते, उशिरा बसते, बोलायला उशीर लावते, आणि पुढे त्याचे पाय ताठरतात. अशा मुलाला ‘सेरेब्रल पाल्सी’ झाली असे पुष्कळदा ठरवून टाकले जाते. बाळंतपणात काही चुकले असेल असे म्हणून आईला किंवा सुइणीला बोल लावला जातो. खरे कारण जनुकातले असले तर पुढच्या प्रत्येक अपत्याला तोच विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. चुकीच्या नावामुळे आईवडिलांना ही गोष्ट कोणी सांगतच नाही! यांपैकी एका रूपासाठी २०२२ साली टोरोंटोच्या बालरुग्णालयात एका मुलाला निरोगी जनुक देण्याचा पहिला प्रयोग झाला. तो अजून प्रयोगच आहे. परंतु कारण कळल्याखेरीज तेवढाही मार्ग उघडला नसता.

पार्किन्सनच्या विकारातही वाहतुकीचा हात दिसतो. २०११ साली स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातील कुटुंबांत व्हीपीएस-३५ या जनुकातील दोष सापडला. वापरलेली प्रथिने परत पाठविणाऱ्या टपालगाडीचा तो एक भाग आहे. २०१३ साली इराणी आणि इटालियन कुटुंबांत ऐन तारुण्यात सुरू होणाऱ्या अशाच विकाराचे कारण सिनॅप्टोजॅनिन या प्रथिनात आढळले. डायनॅमिनाने पुटिका कापून मोकळी केल्यावर तिच्यावरचे आवरण उतरविण्यास हे प्रथिन मदत करते. म्हणजे शिबिरे माशी ज्या स्थानकावर अडली, त्याच्या लगतच्याच स्थानकावर ही माणसे अडलेली आहेत.

अर्थात प्रत्येक आनुवंशिक विकार वाहतुकीचाच असतो असे नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञ नोशिर वाडिया यांनी १९७१ साली स्वामी यांच्यासह नऊ कुटुंबांतील एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात तोल जाण्याबरोबर डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होते. त्या नमुन्याच्या विकाराचे एक प्रमुख जनुक १९९६ साली कळले, आणि त्याची तऱ्हा निराळी आहे. वैद्याच्या नुसत्या बारीक निरीक्षणाने विकार कसा वेगळा काढता येतो, याचा तो उत्तम धडा आहे.

ज्याला उपचार आहे असा विकार

आतापर्यंतच्या बहुतेक विकारांना मुळावर घाव घालणारे औषध नाही. विल्सनचा विकार मात्र याला अपवाद आहे आणि म्हणूनच तो प्रत्येक प्राध्यापकाने माहीत करून घ्यावा असे मला वाटते. किनिअर विल्सन यांनी १९१२ साली तो वर्णिला. भारतातील सोळा कुटुंबांचा अभ्यास दस्तूर, मंघानी आणि वाडिया यांनी मुंबईहून १९६८ साली प्रसिद्ध केला.

अन्नातून आलेले जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. त्यासाठी एटीपी-७बी हे प्रथिन पंपाचे काम करते. एरवी हा पंप गॉल्जीत असतो. तांबे वाढले की तो पुटिकांत बसून पित्तनलिकेच्या बाजूला जातो. काही उत्परिवर्तनांत त्याची घडी चुकते आणि तो आंतर्द्रव्यजालिकेतच अडवला जातो. काहींत तो गॉल्जीपर्यंत येतो, पण पुढे हलत नाही. तांबे मग यकृतात साचते, रक्तात उतरते आणि मेंदूच्या खोल भागात जाऊन बसते. येथे वाहतूक अडते ती यकृतात, आणि भोगावे लागते चेतापेशींना.

हा विकार पुष्कळदा शाळा-महाविद्यालयाच्या वयात प्रकट होतो. अक्षर बिघडते, बोलणे अडखळते, लाळ गळते, हात कापतात, स्वभाव चिडका होतो, अभ्यासात मागे पडायला होते. लोक म्हणतात, पोरगा वाया गेला. अशा वेळी रक्तातील व लघवीतील तपासण्या आणि डोळ्याच्या बुबुळाच्या कडेचे हिरवट-तपकिरी वलय निदानास उपयोगी पडतात. वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामिन हे औषध आणले. ते तांबे लघवीवाटे बाहेर काढते. जस्ताचे क्षार अन्नातील तांबे शोषू देत नाहीत. उपचार वेळेवर सुरू झाले आणि जन्मभर चालू राहिले तर रोगी नेहमीचे आयुष्य जगू शकतो. उशीर झाला तर मेंदूची हानी पुरती भरून येत नाही. तांब्याच्या भांड्यातील पाणी पिऊन हा विकार होतो का, असे मला विद्यार्थी विचारतात. तसे होत नाही, कारण दोष जन्मजात जनुकात असतो. मात्र ज्याला हा विकार आहे त्याने तांब्याच्या हंड्याकळशीतले पाणी टाळले पाहिजे. आणि घरात एकाला विकार आढळला तर त्याच्या भावंडांची, ती ठणठणीत दिसत असली तरी, तपासणी झालीच पाहिजे. लक्षणांआधी सापडलेल्या भावंडाचा बचाव करता येतो.

नात्यातली लग्ने

काही विकार प्रभावी असतात. त्यांत आईकडून किंवा वडिलांकडून आलेले एकच सदोष जनुक पुरते, आणि प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. स्पॅस्टिनचा विकार या जातीचा आहे. एपी-४ आणि विल्सन हे विकार अप्रभावी आहेत. त्यांत दोन्ही जनुके सदोष असावी लागतात. आईवडील केवळ वाहक असतात, स्वतः निरोगी.

येथे आपल्या दोन्ही भाषांच्या वाचकांना लागू पडेल असा एक हिशेब मांडतो. महाराष्ट्रात मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे. कानडी मुलखात त्याखेरीज बहिणीच्या मुलीशीही लग्न होते. एखाद्या अप्रभावी विकाराचे वाहक शंभरांत एक आहेत असे धरू. नवरा-बायको एकमेकांचे कोणी लागत नसतील तर अपत्याला विकार होण्याची शक्यता चाळीस हजारांत एक येते. मामेबहीण-आतेभाऊ असतील तर ती सुमारे तीन हजारांत एक होते, म्हणजे तेरा पट. मामा-भाची असतील तर सुमारे साडेपंधराशेत एक. कारण पणजोबांकडून आलेले एकच सदोष जनुक दोन वाटांनी येऊन अपत्यात एकत्र भेटू शकते.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. अशा लग्नांतील बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात. ज्यांची लग्ने झाली आहेत त्यांना भिवविण्याचे कारण नाही. परंतु घरात एखाद्या मुलाला असा विकार झालेला असताना त्याच घरात पुन्हा नात्यातले लग्न ठरत असेल, तर आधी आनुवंशिकतेच्या जाणकार वैद्याचा सल्ला घेणे शहाणपणाचे आहे. दुसरी गोष्ट, अप्रभावी विकारात एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून येते. वाटा अगदी समान असतो. तेव्हा दोष सुनेच्या माथी मारण्याला शास्त्रात काडीचाही आधार नाही.

आपण काय करावे

गेल्या काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर माझा एक विद्यार्थी मागे थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘सर, माझ्या मामांचे पाय असेच आहेत. आजोबांचेही होते. मला होईल का?’’ मी त्याला वंशवृक्ष काढायला सांगितले. त्याच्या मामांना होते, आजोबांना होते, पण त्याची आई पन्नाशीतही व्यवस्थित चालत होती. प्रभावी विकार असेल तर आई निरोगी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तसे असले तर त्यालाही भीती नाही. तरी काही प्रकार उशिरा प्रकटतात, म्हणून नक्की उत्तर मामांच्या तपासणीनंतरच मिळेल, असे मी त्याला सांगितले. तपासणी आधी रोग्याची करावी, निरोग्याची नव्हे. आणि ज्या विकाराला औषध नाही त्याची चाचणी करून घ्यावी की नाही हे त्या सज्ञान माणसाने स्वतः ठरवावे. घरच्यांनी किंवा सोयरिकीच्या बोलणीकऱ्यांनी त्याच्यावर ते लादू नये.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी किंवा शेजारी असा कोणी असेल तर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष एका कागदावर मांडा. कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या लक्षणाने सुरुवात झाली आणि कोणाचे लग्न नात्यात झाले, हे त्यात लिहा. तो कागद घेऊन मोठ्या रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा आणि विल्सनची तपासणी झाली आहे का हे अवश्य विचारा. प्राध्यापक बंधूंना माझी एवढीच विनंती आहे की, हुशार मुलाचे अक्षर वर्षभरात ओळखू येईनासे झाले तर त्याला रागावण्याआधी एकदा वैद्याकडे पाठवावे.